जत्रेच्या पडद्यावरची दैवी मुले

मराठी भक्तिपटांनी दैवी देणगी लाभलेल्या मुलांची मोठी मांदियाळी उभी केली आहे. पैठणच्या धर्मसभेत रेड्याच्या मस्तकावर हात ठेवणारा ज्ञानदेव, भावाच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजणारी मुक्ताई, विठ्ठलाने नैवेद्य खाल्ल्याशिवाय देवळातून न हलणारा नामदेव, बापाच्या छळापुढे न वाकणारा प्रल्हाद, कालियाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण ही सगळी मुले मोठ्यांना न दिसणारे पाहतात आणि मोठ्यांना न जमणारे करून दाखवतात. काही मोजके अपवाद सोडले तर त्यांच्यावरचे चित्रपट बेताच्या पैशांत निघाले. रंगवलेले पडदे, भाड्याचे पोशाख आणि कॅमेऱ्याच्या दोन-चार युक्त्या एवढ्या सामग्रीवर ते उभे राहिले. शहरातल्या मोठ्या थिएटरांत त्यांचा मुक्काम थोडा असे. त्यांचा खरा प्रेक्षक तालुक्याच्या गावी, यात्रेच्या तंबूत आणि पुढे सीडीच्या दुकानांत होता. त्यामुळे चित्रपटकलेच्या इतिहासात त्यांच्याविषयी फार थोडे लिहिले गेले. पण गावोगावच्या लोकांनी श्रद्धा, अन्याय आणि लहान मुलाचा अधिकार यांचा विचार पडद्यासमोर बसून कसा केला, हे समजून घ्यायचे तर याच चित्रपटांकडे यावे लागते.

बीड जिल्हा चित्रपटनिर्मितीचे केंद्र म्हणून ओळखला जात नाही. मात्र या चित्रपटांना लागणारी कथा आणि लागणारा प्रेक्षक, दोन्ही येथे भरपूर आहेत. पाटोदा तालुक्यातल्या चिंचोलीजवळचा गहिनीनाथगड हे नाथपंथातील गहिनीनाथांचे समाधिस्थान मानले जाते. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर वाट चुकलेल्या लहानग्या निवृत्तीला उपदेश करणारे हेच गहिनीनाथ. आणि निवृत्तीकडूनच तो वारसा ज्ञानदेवाला मिळाला. म्हणजे बालसंतांच्या सर्वांत प्रसिद्ध कथेचा पहिला गुरू बीडच्या डोंगरात विसावला आहे, अशी येथील श्रद्धा आहे. जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरीने आखली आहे, आणि गेवराईच्या बाजूने नदीकाठाने वर गेले की पैठण लागते. तेथेच या भावंडांना शुद्धिपत्रासाठी जावे लागले. पूर्वेला परळी ओलांडली की जनाबाईंचे गंगाखेड आहे. वारकरी कीर्तनातली बरीचशी बालचरित्रे येथील श्रोत्याला दोन-तीन दिवसांच्या पायी वाटेवरची वाटतात.

खुद्द जिल्ह्यातली कथा दासोपंतांची. १५५१ मध्ये जन्मलेले आणि पुढे अंबाजोगाईत स्थिरावलेले हे दत्तभक्त कवी त्यांच्या पासोडीमुळे सर्वांना माहीत आहेत. सुमारे चाळीस फूट लांब कापडावर लिहिलेला तो ग्रंथ अंबाजोगाईचे भूषण आहे. त्यांच्या चरित्रातला चित्रपटाला साजेसा प्रसंग मात्र पासोडीच्या कितीतरी आधीचा आहे. वडील दिगंबरपंत बीदरच्या दरबाराचे वसुली अधिकारी होते. दुष्काळात वसूल थकला, तेव्हा कोवळ्या वयाचा दासो बीदरला ओलीस ठेवण्यात आला आणि ठरलेल्या मुदतीत रक्कम आली नाही तर मुलाचे धर्मांतर होईल असे बजावण्यात आले. मुलगा दत्ताचा धावा करीत राहिला. मुदतीच्या शेवटी दत्ताजी पाडेवार नावाचा माणूस रक्कम घेऊन दरबारात हजर झाला, पावती घेतली आणि नाहीसा झाला. तो प्रत्यक्ष दत्तात्रेय होता, असे परंपरा सांगते. या गोष्टीत मुलाच्या हातून काहीच घडत नाही. तो वाट पाहतो, आणि त्याच्या वाट पाहण्यात एवढे बळ असते की देवाला सरकारी रोकड घेऊन कचेरीत यावे लागते. दुष्काळ, थकलेली वसुली आणि मोठ्यांच्या देण्यापायी अडकलेले मूल या तिन्ही गोष्टी मराठवाड्याच्या माणसाला समजावून सांगाव्या लागत नाहीत.

अशा चरित्रांचा लेखी साठा दोन ठिकाणी आहे. पहिला नामदेवांच्या नावे असलेल्या ज्ञानेश्वरचरित्रपर अभंगांत, आदि, तीर्थावळी आणि समाधी या प्रकरणांत. दुसरा ताहराबादच्या महिपतींच्या ग्रंथांत. १७१५ ते १७९० या काळातल्या महिपतींनी ‘भक्तविजय’ १७६२ मध्ये आणि ‘भक्तलीलामृत’ १७७४ मध्ये पूर्ण केले, आणि संतपटांच्या पटकथाकारांना जवळजवळ तयार दृश्ये मिळाली. महिपती ओवीत सांगतात, पण त्यांची रचना प्रसंगांची आहे. कोण कुठे उभा आहे, कोणी काय टोमणा मारला, मुलाने काय उत्तर दिले आणि मग काय घडले, हे सगळे तिथे आहे. कीर्तनकारांनी ते दीडशे वर्षे माणसांपुढे सांगून घासले-पुसले होते. चित्रपट आला तेव्हा प्रेक्षकाला कथा पाठ होती. कमी खर्चाच्या निर्मात्याच्या दृष्टीने ही मोठी बचत होती, कारण पात्रांची ओळख करून देण्यात आणि प्रसंगाची पार्श्वभूमी सांगण्यात रीळ घालवावे लागत नव्हते.

मराठी माणसाच्या चित्रपटाची सुरुवातच एका दैवी मुलाच्या कल्पनेतून झाली. दादासाहेब फाळके यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे कृष्णाचे चित्र उभे राहिले. पैशांच्या आणि साधनांच्या अडचणीमुळे १९१३ मध्ये आधी ‘राजा हरिश्चंद्र’ आला, तरी ती ओढ सुटली नाही. १९१८ मध्ये ‘श्रीकृष्णजन्म’ आणि १९१९ मध्ये ‘कालियामर्दन’ हे मूकपट त्यांनी केले. ‘कालियामर्दन’मधला कृष्ण म्हणजे फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी. चित्रपटाच्या आरंभी ती कृष्ण होण्यापूर्वी, स्वतःच्या रूपात, वेगवेगळे भाव चेहऱ्यावर आणून दाखवते. त्यानंतर तीच पोर देव होते. प्रेक्षकाला आधीच सांगितलेले असते की ही एक साधी मुलगी आहे, आणि तरीही फण्यावरचे नृत्य सुरू झाले की हात जोडले जातात. या प्रकारच्या चित्रपटांचे पुढले सारे शतक या एका रिळात सामावलेले आहे. घरच्याच मुलाला देव करायचे, युक्ती फारशी लपवायची नाही आणि भाव मात्र खरा ठेवायचा, ही रीत फाळक्यांनी घालून दिली.

बोलपट आल्यावर भालजी पेंढारकरांचा ‘श्यामसुंदर’ १९३२ मध्ये प्रदर्शित झाला आणि मुंबईत त्याने पंचवीस आठवड्यांचा टप्पा ओलांडला. त्यातला बालकृष्ण होता शाहू मोडक, वय चौदा. बीडच्या शेजारच्या अहमदनगरमधल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेल्या या मुलाने पुढे पडद्यावर इतक्या वेळा कृष्ण साकारला की लोक त्याला देवाच्याच नावाने ओळखू लागले. मुलाचा धर्म कोणता, हा प्रश्न प्रेक्षकांनी आड येऊ दिला नाही. महाराष्ट्राच्या गावाकडच्या श्रद्धेविषयी ही गोष्ट बरेच काही सांगते, आणि ती आवर्जून नोंदवण्यासारखी आहे. १९३८ मध्ये प्रभात कंपनीच्या ‘गोपाळकृष्ण’मध्ये बालकृष्णाचे काम राम मराठे यांनी केले, संगीत रंगभूमीचे आणि गायकीचे मोठे नाव होण्याआधीची ही गोष्ट.

१९४० चा ‘संत ज्ञानेश्वर’ हा या परंपरेचा माथा होय. विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, शिवराम वाशीकरांचे लेखन, केशवराव भोळ्यांचे संगीत, शांताराम आठवल्यांची गीते असा त्याचा संच होता. बालज्ञानेश्वर यशवंत या बालनटाने आणि मोठा ज्ञानेश्वर शाहू मोडकांनी साकारला. प्रभात ही पुण्यातली सर्वांत सुसज्ज कंपनी होती, त्यामुळे या चित्रपटाला कमी खर्चाचा म्हणता येणार नाही. पण नंतरच्या सगळ्या स्वस्त चित्रपटांनी नक्कल केली ती याचीच. वेद म्हणणारा रेडा, चालणारी भिंत, वाघावर बसून आलेला चांगदेव ही दृश्ये पुढे कोणी चित्रित करायला घेतली की प्रभातचे चित्र डोळ्यांसमोर असे. १९६४ मध्ये मणिभाई व्यास यांनी हिंदीत ‘संत ज्ञानेश्वर’ केला. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या संगीतामुळे तो मराठी मुलुखाबाहेरही पोहोचला.

प्रभातच्या चित्रपटाची खरी ताकद भिंत चालते त्या दृश्यात नाही. ती त्याच्या पूर्वार्धात आहे, जिथे संन्याशाची पोरे म्हणून चार भावंडांना गाव जवळ करीत नाही. विठ्ठलपंतांनी संन्यास सोडून संसार केला, त्याचे प्रायश्चित्त म्हणून पती-पत्नीने देहत्याग केला, तरी मुलांची मुंज होईना. परंपरेने दिलेले जन्मसन धरले, १२७३ ते १२७९, तर पैठणला जाताना सगळ्यांत मोठा निवृत्ती जेमतेम चौदा वर्षांचा आणि मुक्ताई आठ वर्षांची होती. रेड्याच्या तोंडून वेद वदवण्याचा प्रसंग या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. सभेतल्या विद्वानाने थट्टेने म्हटले की ज्ञान्या नाव असणारे जनावरही आहे. मुलाने उत्तर दिले की त्याच्यात आणि माझ्यात भेद नाही. पुढे जे घडले ते या उत्तराचा पुरावा म्हणून. जनावराला चाबूक बसला आणि वळ मुलाच्या पाठीवर उठले, हेही त्याच कथेत येते. म्हणून या चमत्काराचा गाभा सहवेदनेचा आहे.

मांड्यांची कथा तर याहून घरगुती आहे. मुक्ताईला मांडे करायचे आहेत. भाजायला भांडे हवे. भावंडांचा द्वेष करणाऱ्या विसोबाने गावातल्या कुंभारांना दम भरला आहे की या पोरांना काही द्यायचे नाही. बहीण रिकाम्या हाती रडत येते आणि ज्ञानदेव योगबळाने आपली पाठ तापवून तिच्यापुढे वाकतो. या कथेसाठी स्टुडिओ लागत नाही. एक ओसरी, एक परात, कणकेचा गोळा, मुलाच्या पाठीवर लाल प्रकाश आणि थोडा धूर एवढ्यावर दृश्य पूर्ण होते. म्हणूनच ते नाटकमंडळींनी, शाळेच्या स्नेहसंमेलनांनी आणि व्हीसीडीवाल्या निर्मात्यांनी पुन्हा पुन्हा केले, आणि क्वचितच ते फसले. ज्या दृश्यात खर्च सर्वांत कमी आणि अपमान सर्वांत जास्त, ते दृश्य या प्रकारात सर्वांत भिडते.

येथे या चित्रपटांचे मर्म सापडते. मराठी बालसंताची शक्ती ही त्याच्या हुशारीची पावती नसते. गावाने, पंचांनी किंवा दरबाराने मुलाला काही नाकारलेले असते आणि त्या नकाराला दुसरे उत्तर उरलेले नसते, तेव्हा ती प्रकट होते. शक्ती दिसली की तिचा उपयोग बहुधा दुसऱ्यासाठी होतो, आणि मूल तिचे प्रदर्शन पुन्हा मांडत नाही. विसोबा शरण येतो, चांगदेव वाघावरून उतरतो, सभा मान खाली घालते. बदल होतो तो मोठ्यांत. मूल होते तसेच राहते. प्रल्हादाच्या आणि ध्रुवाच्या चित्रपटांतही हाच नियम दिसतो, फरक एवढाच की तेथे नाकारणारा बाप किंवा सावत्र आई असते.

पश्चिमेत अलीकडे याच विषयावर निघालेले चित्रपट शेजारी ठेवले की हा फरक स्पष्ट होतो. अमेरिकेत ‘इंडिगो मुले’ या कल्पनेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस जोर धरला. नॅन्सी अ‍ॅन टॅप यांनी माणसांभोवती दिसणाऱ्या रंगांच्या वलयांची भाषा आणली आणि ली कॅरोल व जॅन टोबर यांच्या पुस्तकाने ती घरोघरी नेली. नव्या युगात जन्मणारी काही मुले अतींद्रिय शक्ती घेऊनच येतात, असा तो दावा होता. त्याला शास्त्रीय आधार नाही. २००३ मध्ये स्टीफन सायमन यांनी ‘इंडिगो’ नावाचा कमी खर्चाचा चित्रपट केला. लेखनात नील डोनाल्ड वॉल्श आणि जेम्स ट्वायमन होते, आणि वॉल्श यांनी त्यात आजोबांची भूमिकाही केली. जानेवारी २००५ मध्ये तो नेहमीच्या वितरणाऐवजी चर्च, योगकेंद्रे आणि भाड्याच्या सभागृहांतून एकाच दिवशी दाखवला गेला. या वितरणात आणि आपल्या हरिनाम सप्ताहाच्या मंडपात दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटात विलक्षण साम्य आहे. दोन्हीकडे प्रेक्षक आधीपासून एकत्र आलेला असतो आणि चित्रपट त्याच्यापर्यंत चालत जातो. कथेत मात्र दोन ध्रुवांचे अंतर आहे. इंडिगो मूल स्वभावतःच निवडलेले असते, त्याची शक्ती ही त्याची ओळख असते आणि पालकांनी ती ओळखावी अशी अपेक्षा असते. अनेक डॉक्टरांनी इशारा दिला की एकाग्रतेच्या तक्रारी असलेल्या मुलांना हे गोंडस नाव चिकटले की त्यांची तपासणी आणि उपचार लांबतात. आपल्या संतपटांच्या अधिक जवळचा परका चित्रपट म्हणजे १९५५ चा स्पॅनिश ‘मार्सेलिनो’. मठात वाढलेले पोरके मूल माळ्यावरच्या ख्रिस्ताच्या मूर्तीला भाकरी नेऊन देते आणि मूर्ती ती हातात घेते. नामदेवाच्या नैवेद्याची गोष्ट माहीत असलेल्या प्रेक्षकाला तिथे भाषांतराची गरज पडत नाही.

कमी खर्चातला चमत्कार तांत्रिकदृष्ट्या कसा होतो, हेही पाहण्याजोगे आहे. कॅमेरा थांबवायचा, माणूस बाजूला करायचा आणि पुन्हा सुरू करायचा, की माणूस नाहीसा होतो. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण केले की देव मुलाच्या मागे अर्धपारदर्शक उभा राहतो. एका दृश्यावर दुसरे हळूहळू चढवले की मूर्तीच्या जागी मूल दिसते. पातळ तार, आरसा, धूर आणि रंगीत काच यांवर बाकीचे काम भागते. फाळक्यांना हे सारे येत होते, आणि संगणक येईपर्यंत त्यात मूलभूत भर थोडीच पडली. १९९० नंतर व्हिडिओ मिक्सरने हेच परिणाम लग्नाच्या चित्रणात आणले. नवरदेवाच्या मागे फुलांचे वलय फिरवणारा तालुक्याच्या स्टुडिओतला माणूस तेच वलय बालसंताच्या डोक्यामागे लावू लागला. या दृश्यांतला शिवणीचा दोरा प्रेक्षकाला दिसतो, आणि तरी त्याची श्रद्धा ढळत नाही. १९७५ च्या ‘जय संतोषी माँ’ या अल्पखर्ची हिंदी चित्रपटाच्या वेळी प्रेक्षक चपला बाहेर काढून थिएटरात शिरत आणि पडद्याची आरती करीत. युक्तीच्या सफाईवर ती आरती अवलंबून नव्हती.

हे चित्रपट गावापर्यंत नेले ते टुरिंग टॉकीजने. ट्रकवर बसवलेला प्रोजेक्टर, कापडी तंबू, जमिनीवर बैठक, अनेक ठिकाणी बायका-मुले एका अंगाला आणि पुरुष दुसऱ्या, असा तो थाट. दिवाळीनंतर यात्रांचा हंगाम सुरू होई आणि पावसाच्या आधी तंबू गुंडाळले जात. बीड जिल्ह्यात या हंगामाला स्वतःची एक लय आहे. दिवाळी झाली की ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांकडे जातात, लेकरांसह. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्यांचा हंगाम संपल्यावर, चैत्राच्या सुमारास, गाड्या गावी परततात आणि त्याच सुमाराला गावोगावच्या जत्रा भरतात. सहा महिने फडाजवळच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, राहून आलेल्या कुटुंबाच्या हाती तेव्हा थोडा पैसा आणि थोडी उसंत असते. शाळा सुटलेली, मोठ्यांसोबत फडात उभी राहिलेली मुले जेव्हा तंबूत बसून गावाने दूर लोटलेल्या भावंडांची कथा पाहतात, तेव्हा तो चित्रपट पुण्यातल्या प्रेक्षकाला लागतो त्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी लागतो. महाराष्ट्रातल्या तंबूंचा उतरता काळ शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात नोंदला गेला. २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याला विशेष उल्लेखाचा सन्मान मिळाला.

तंबूंनंतर व्हीसीडी आली. पंढरपूर, आळंदी, तुळजापूर, परळी अशा क्षेत्रांच्या दुकानांत कुंकू, माळा आणि पोथ्यांशेजारी संतचरित्रांच्या तबकड्या दिसू लागल्या. या चित्रपटांना पोस्टर, प्रदर्शन, परीक्षण यांतले काहीच मिळाले नाही. ते प्रसादासारखे घरी गेले. त्यांत स्थानिक गडांच्या आणि मठांच्या महाराजांची बालपणे आली. भगवानबाबांचे चरित्र हे या घडणीचे चांगले उदाहरण आहे. पाटोदा तालुक्यातल्या सुपे सावरगावात १८९६ मध्ये जन्मलेला आबाजी सानप लहान वयातच पंढरीच्या ओढीने घराबाहेर पडला, नारायणगडावर माणिकबाबांच्या सहवासात आला आणि पुढे भगवानगडाच्या रूपाने एका मोठ्या कष्टकरी समाजाचे श्रद्धास्थान झाला. १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना पाहिलेली हजारो माणसे होती. इतक्या जवळच्या काळातल्या सत्पुरुषाचे बालपण सांगताना कीर्तनकार जुन्या बालसंतांचाच साचा हाती घेतो. त्यामुळे लहानपणीची भक्ती, घरचा विरोध आणि गुरूची भेट हे प्रसंग प्रत्येक चरित्रात ठरलेल्या क्रमाने येतात, आणि त्या माणसाने शिक्षणासाठी, व्यसनमुक्तीसाठी केलेले मोठेपणचे काम थोड्या वेळात उरकले जाते. या प्रकाराची ही खरी उणीव आहे.

पडद्यावरचे मूल आणि जिवंत मूल यांत महाराष्ट्राच्या कायद्यानेही रेघ आखली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या हत्येनंतर आलेला जादूटोणाविरोधी कायदा तथाकथित चमत्कार करून पैसे मिळवण्यास आणि लोकांना फसवण्यास मनाई करतो. त्याच कायद्यात हरिकथा, कीर्तन, भजन यांना आणि दिवंगत संतांचे चमत्कार सांगण्याला व त्यांच्या प्रसाराला स्पष्ट मोकळीक आहे. म्हणजे ज्ञानदेवाने भिंत चालवली हा चित्रपट निर्धोक आहे; पण अमुक गावच्या अमुक मुलाला पुढचे दिसते असे सांगून दक्षिणा घेणे गुन्हा ठरू शकते. ही रेघ योग्य जागी आहे. ती किती गरजेची होती ते ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’च्या वर्गांनी दाखवले. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारी मुले दाखवत या वर्गांनी शहरांतल्या सुशिक्षित पालकांकडून भरमसाट शुल्क घेतले. नाकाच्या बाजूच्या फटीतून खाली पाहता येते, एवढेच त्यातले रहस्य. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी ते उघड केले. यातली वाईट बाजू पैशापुरती नाही. आपण पाहतो आहोत हे मुलाला ठाऊक असते आणि आई-वडिलांच्या आनंदासाठी त्याला ते दडवावे लागते. संतपटातले मूल सत्यासाठी सभेपुढे उभे राहते. या वर्गातल्या मुलाला स्वतःच्या घरात खोटे बोलायला शिकवले जाते.

बालनटांचा प्रश्नही याच विषयाचा भाग आहे. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांनी बालकलाकारांसाठी अटी घातल्या. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, मिळकतीचा किमान पाचवा भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत, अशा त्या अटी आहेत. मोठ्या वाहिन्यांना त्या पाळणे शक्य असते. चार दिवसांत चित्रपट उरकणाऱ्या, रात्रीच्या दिव्यात मुलाला उघड्या अंगाने धुरात बसवणाऱ्या निर्मात्याकडे या अटी पोहोचतात का, हे पाहणे जिल्हा प्रशासनाचे काम आहे, आणि बालसंताच्या भूमिकेचे पावित्र्य त्या बाबतीत सूट देत नाही.

दैवी साक्षात्काराच्या कथेकडे वेगळ्या नजरेने पाहणारे दोन मराठी चित्रपट येथे सांगितलेच पाहिजेत. उमेश कुलकर्णी यांच्या ‘देऊळ’मध्ये (२०११) साध्याभोळ्या केशाला झाडाखाली दत्त दिसतो आणि गाव त्या दर्शनाचे देवस्थान, दुकाने आणि राजकारण करून टाकते; दर्शन ज्याला झाले तोच बाहेर राहतो. केशा मूल नाही, पण त्याचा निरागसपणा मुलाचाच आहे. परेश मोकाशी यांच्या ‘एलिझाबेथ एकादशी’मध्ये (२०१४) पंढरपूरच्या दोन भावंडांची नावेच ज्ञानेश आणि मुक्ता आहेत. वडील नाहीत, आईचे मशीन जप्त झाले आहे आणि वडिलांनी बनवलेली सायकल विकण्याची वेळ आली आहे. ज्ञानेशला देणगी आहे ती विज्ञानाची. न्यूटन त्याला संतांच्या रांगेतला वाटतो. संतपटाची सगळी हाडे येथे जागेवर आहेत, फक्त चमत्काराच्या जागी मुलांनी यात्रेत मांडलेले दुकान आहे. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

गेल्या काही वर्षांत बालसंत मुख्यतः दूरचित्रवाणीवर आले. २०१८ मध्ये कलर्स मराठीवर सुरू झालेली बाळूमामांवरची मालिका, २०२१ मध्ये सोनी मराठीवर आलेली ‘ज्ञानेश्वर माउली’, २०२२ मधली शंकर महाराजांवरची मालिका या सगळ्यांनी बालपणावर बरेच भाग खर्ची घातले, कारण प्रेक्षक त्याच भागांना चिकटून राहतो. दुसरीकडे मोबाइलवर बालकीर्तनकारांचे चित्रण फिरू लागले. बीडच्या गावांत सप्ताह लागला की फेटा बांधलेले, टाळकऱ्यांपुढे उभे राहून तासभर निरूपण करणारे मूल आता कॅमेऱ्यात जाते. त्या मुलाची देणगी डोळ्यांना दिसणारी आणि मेहनतीची आहे. पाठांतर, आवाज, मृदंगाच्या चालीचे भान हे त्याने कोणा महाराजांच्या हाताखाली मिळवलेले असते. मथळ्यात मात्र त्याला चमत्कारी म्हटले जाते, आणि वारकरी शिक्षणसंस्थेत घालवलेली वर्षे त्या एका विशेषणाखाली झाकली जातात.

एप्रिल २०२५ मध्ये दिग्पाल लांजेकर यांचा ‘संत ज्ञानेश्वरांची मुक्ताई’ प्रदर्शित झाला आणि कथेचा मध्य धाकट्या बहिणीकडे सरकला. मुक्ताईच्या चरित्रात डोळे दिपवणारे प्रसंग कमी आहेत. लोकांच्या बोलण्याने दुखावून झोपडीचे दार लावून बसलेल्या भावाला ती बाहेर बोलावते, तेव्हा तिच्याजवळ ताटीचे अभंग असतात आणि आणखी काही नसते. दहाएक वर्षांच्या मुलीने योगी भावाला क्षमेचा अर्थ समजावणे हे या साऱ्या परंपरेतले सर्वांत अवघड दृश्य आहे, कारण ते कॅमेऱ्याच्या युक्तीने होत नाही. त्यासाठी ते शब्द समजून बोलणारी मुलगी आणि तिला पुरेसा वेळ देणारा दिग्दर्शक लागतो.